ताईंच्या गळ्याचा वेग

रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना सगळे सुईअण्णा म्हणतात. सत्तरी उलटली, पण सुई बसवताना हात अजून थरथरत नाही. ज्यांच्या फोनमध्ये हजारो गाणी मावतात तीच तरणी मंडळी तबकड्या छातीशी धरून त्यांच्याकडे येतात. अण्णांना त्यात नवल वाटत नाही. "एक बाजू संपली की उठून उलटावी लागते ना, म्हणून माणूस लक्ष देऊन ऐकतो. नाहीतर गाणं चालतं आणि आपण भलतीकडेच!"

त्यांचा एक नेम होता. दुरुस्त यंत्रावर ठिपक्यांची चकती फिरवायची. दिव्याखाली ठिपके जागच्या जागी उभे दिसले, की वेग बरोबर. सरकत्या ठिपक्यांचं एकही यंत्र त्यांच्या दुकानातून बाहेर गेलं नव्हतं.

मागच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी राहतात. थोरलीला झटका आला, उजवं अंग लुळं पडलं, बोलणंही गेलं. पण रेकॉर्ड लागली की बाई शब्दांसकट गायची! यंत्र अडायला लागलं तसं धाकटीनं ते अण्णांकडे आणलं. अण्णांनी जुना ढिला पट्टा फेकला, नवा चढवला, ठिपके उभे केले.

तिसऱ्या दिवशी धाकटी तणतणत दारात. "अण्णा, काय करून ठेवलंत? गाणं नुसतं पळतंय. ताई धरायला जाते आणि मागे पडते. कालपासून भिंतीकडे तोंड करून पडलीय."

"अहो, गाणं आत्ता कुठे बरोबर झालंय. इतकी वर्षं ढिल्या पट्ट्यानं ते रेंगाळत होतं."

"मग रेंगाळू द्या की! आम्ही त्याच्याबरोबरच रेंगाळलो. तेवढा एकच आवाज उरलाय हो तिचा."

अण्णांना दुपारचं जेवण गेलं नाही. हातानं नीट केलेलं हातानंच बिघडवायचं! संध्याकाळी मात्र स्क्रू ड्रायव्हर खिशात घालून ते बहिणींकडे गेले.

वेग किती कमी करायचा, हे सांगणारं कुणी नव्हतं. पट्टा तर कचऱ्यात गेलेला. अण्णांनी मोटारीचा स्क्रू केसभर फिरवला, रेकॉर्ड लावली. थोरली भिंतीकडेच. आणखी केसभर. मग आणखी.

"गाणारीला सर्दी झाल्यासारखं वाटतंय," अण्णा कुरकुरले.

"आमची गाणारी अशीच आहे."

पलंगावर मान हलली. थोरली हळूच वळली, ओठ उघडले, आणि एक जाड, खरखरीत आवाज गाण्याच्या आत शिरला. धाकटीनं पदर तोंडाला लावला.

कडवं अर्धं झालं तशी थोरलीनं अण्णांकडे रोखून पाहिलं. डाव्या हाताचा पंजा हवेत दोनदा खाली दाबला.

"अजून थोडं हळू करा म्हणतेय," धाकटी म्हणाली.

"बरं ताई," म्हणत अण्णांनी स्क्रू फिरवला.