सेल संपेपर्यंत

कळसच्या सोनबा खारतोड्यांना ऐकू येत नाही, हे गावात इतकं मुरलं होतं की त्यांच्याशी बोलताना माणसांचे हात आपोआप हलायला लागायचे. सोनबा आबांचं वय तेव्हा साठीच्या पुढं. तरुणपणी घरात मेंढरं होती. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणाच्या अंगाला उतरायचं आणि पावसाआधी परतायचं, असं आयुष्य. पुढं जमिनीला पाणी आलं, मेंढरं विकली, ऊस लावला आणि विहिरीवर ऑइल इंजिन बसवलं. त्या इंजिनाच्या खोपीतच आबा वर्षानुवर्षं बसले, जेवले, झोपलेसुद्धा. विजेची मोटर आली तोवर इंजिनानं त्यांचे कान खाल्ले होते.

आबांनी त्याचा फार बाऊ केला नाही. कुणी काही बोललं की मान हलवायची आणि ‘व्हय, व्हय’ म्हणायचं, एवढं त्यांनी ठरवून टाकलं. बहुतेक वेळा ते खपून जायचं. एक गोष्ट मात्र सुटली. आबा पूर्वी धनगरी ओव्या गायचे. ढोल आणि कैताळाच्या झांजांच्या मधोमध उभं राहून ते सुंबरान, म्हणजे ओवीआधीचं देवाचं स्मरण, मांडायला लागले की लांबलांबच्या वस्त्यांवरची माणसं येऊन बसायची. कान गेल्यावर एका जत्रेत त्यांचा आवाज ढोलाला सोडून भलतीकडं गेला. मागं उभं राहून ओळ उचलणारे झिलकरी एकमेकांकडं बघायला लागले. आबांनी ते बघितलं, ओवी कशीबशी संपवली आणि त्यानंतर गाण्याचं नाव काढलं नाही.

त्यांची बायको तानूबाई. मनात काही ठेवायचं नाही, असा तिचा स्वभाव. नवऱ्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर ती त्यांच्यासमोर बसूनच त्यांच्याबद्दल वाटेल ते बोलायची. आबा मान हलवायचे. दोघांचंही बरं चाललं होतं.

पंच्याण्णव साली थोरल्या मुलानं, दादासोनं, मनावर घेतलं. तो बारामतीच्या एमआयडीसीत कामाला होता. त्यानं आबांना डॉक्टरकडं नेऊन कान तपासून घेतले आणि मशीन आणलं. काडेपेटीहून जरा मोठी डबी, ती बंडीच्या खिशात ठेवायची आणि तिची वायर कानापर्यंत न्यायची. डबीत एक पेन्सिल सेल. दादासोनं हौसेनं साधे सेल न घेता पुन्हा पुन्हा चार्ज होणारे दोन सेल आणले आणि सोबत चार्जर. एक मशीनमध्ये, एक भरून तयार. नीट वापरले तर आठवडाभर बघायला नको, असं त्याला दुकानदारानं सांगितलं होतं.

मशीन लावलं त्या दिवशी आबा अंगणात नुसते बसून राहिले. कोंबड्यांचं खरडणं, उन्हानं तडतडणारे पत्रे, लांबून येणारा मोटरीचा आवाज, सगळं एकदमच आत शिरत होतं. तानूबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. सवयीनं ती म्हणाली, “बसलाय बघ खांबावानी. उठंल, म्हशीला पाणी दावंल, तर शपथ.”

आबा वळले. “दावतो की पाणी. त्यात एवढं घालूनपाडून बोलाय काय झालं?”

तानूबाईच्या हातातली भाकरी हातातच राहिली. सून विजयमाला हसू आवरेना म्हणून पाण्याची कळशी घेऊन बाहेर पळाली. पुढचे काही दिवस मनातलं बोलायचं असलं की तानूबाई गोठ्यात म्हशीकडं जायची.

पण हे फार दिवस टिकलं नाही. आबा मूळचे काटकसरी. कळपाबरोबर हिंडताना मीठ, काडेपेटी, गोडंतेल सगळं पुरवून वापरायची सवय लागलेली. सेलमध्ये काहीतरी भरलेलं असतं आणि ते ऐकल्यानं संपतं, हे कळल्यावर त्यांना उगाच ऐकणं जिवावर आलं. मशीन ते बंदच ठेवायचे. रेडिओवर हवामान लागलं, ऊसतोडीची चिठ्ठी घेऊन कारखान्याचा माणूस आला, तर तेवढ्यापुरतं बटण दाबायचं. तानूबाई बोलायला लागली की बोट हळूच खिशात जायचं आणि खट्कन आवाज यायचा. तिच्या ते लक्षात आलं होतं.

वर रोज संध्याकाळी न चुकता सेल चार्जरवर. तो जेमतेम वापरलेला असायचा, पण लाइटीचा भरवसा नाही, आत्ता आहे तर भरून घ्यावं, असा त्यांचा हिशेब. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सेल भिंतीवर तापत राहायचा. आबा अधूनमधून त्याला हात लावून बघायचे आणि गरम लागला की ‘चांगला भरतोय’ म्हणून समाधानानं मान हलवायचे.

दुसरा सेल ते जवळ बाळगायचे, कमरेच्या चंचीत. त्यात पान, सुपारी, चुन्याची डबी, अडकित्ता आणि चिल्लर. एकदा इंदापूरला जाताना एसटीत त्यांच्या कमरेला चटका बसायला लागला. आधी त्यांनी मांडी बदलली, मग जागा बदलली, शेवटी उठून उभे राहिले आणि चंची सोडून खाली टाकली. कंडक्टर धावत आला. सेल अडकित्ता आणि नाण्यांच्या मधे अडकून इतका तापला होता की चंचीच्या कापडाला तपकिरी डाग पडला होता. सगळी एसटी जागेवरून उठून चंचीकडं बघत होती. आबांनी ती गार झाल्यावर उचलली, आतलं पान काढलं, खाल्लं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

तो सेल कामातून गेला. उरलेलाही वर्षभरात दमला. आठवड्याच्या कामावरून तो दिवसावर आणि मग अर्ध्या दिवसावर आला. आबा अजूनच जपून ऐकायला लागले.

अशात माघात ते लेकीकडं, जयवंताकडं, डाळजला गेले. तिचे सासरे सावळाराम हे मोठे हौशी गृहस्थ. जेवणं झाल्यावर वस्तीवरची चार माणसं येऊन बसली आणि सावळाराम काहीतरी मोठं मन लावून बोलायला लागले. सुरुवातीचं आबांना ऐकू आलं. बिरोबाची जत्रा, देवळाचा नवा सभामंडप, एवढं कळलं. आणि सेल संपला. सावळारामांचे ओठ हलत राहिले. परक्या घरात खिशातून मशीन काढून खटपट करणं आबांना बरं दिसेना. त्यांनी जुनी रीत धरली. मान हलवली आणि म्हणाले, “व्हय, व्हय.”

सावळाराम पुन्हा काहीतरी म्हणाले.

“व्हय तर,” आबा म्हणाले.

सगळी माणसं खूश होऊन उठली. एकानं तर आबांच्या पायाला हात लावला. तेव्हा आबांना जरा शंका आली.

निघताना जयवंतानं अंगणात गाठून, खुणा करकरून त्यांना सांगितलं, की चैत्रात जत्रेला मुख्य ओवी तुम्ही गाणार आहात आणि तसं तुम्ही स्वतःच कबूल केलंय. आबांचा चेहरा उतरला. नाही म्हणावं तर लेकीच्या सासरी शब्द दिलेला. घरी येऊन त्यांनी तानूबाईला सांगितलं, तर तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग जवळ येऊन मोठ्यानं म्हणाली, “गावा की. मला लई दिस झालं ऐकून.”

दुसऱ्याच दिवशी दोघंजण इंदापूरला गेली. एसटी स्टँडपासून थोडं आत घड्याळं आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ते सुप्रिया चालवायची. वडिलांच्या हाताखाली शिकली होती आणि आता वडील नुसते खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचे. लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगवाल्यांच्या बॅटऱ्याही तिच्याकडंच यायच्या. तिनं मशीन तपासलं, ते ठणठणीत होतं. मग तिनं सेल कसा वापरता, कधी भरता, कुठं ठेवता, सगळं विचारलं. तानूबाईनं उत्तरं दिली आणि काही विचारलं नव्हतं तेही सांगितलं.

सुप्रियाला हसू आलं, पण तिनं नीट समजावलं. या जातीचा सेल रोज थोडाच वापरून लगेच भरत राहिलं की त्याची ताकद तेवढ्यावरच येऊन थांबते. भरल्यावरही तसाच चार्जरवर ठेवला की तापून आतून खराब होतो. गरम लागला म्हणजे पोट भरलं, आता काढा, असं तो सांगत असतो. आणि सुटा सेल लोखंडाच्या, नाण्यांच्या संगतीत कधीच ठेवायचा नाही. कापडात किंवा प्लॅस्टिकच्या डबीत एकटा ठेवायचा.

आबा लक्ष देऊन ऐकत होते. तिनं त्यांच्याच मशीनमध्ये दुकानातला सेल घालून दिला होता. ते म्हणाले, “मेंढराचं बी तसंच हाय. जाग्यावर पाला टाकत गेलं, की लांब चरायची सवय मोडती. मग हिंडवायला लागतं.”

“तसंच समजा, आबा,” सुप्रिया म्हणाली. “ह्यालाबी हिंडवा. मशीन आपणहून बंद पडेपर्यंत चालू ठिवायचं. मग भरायचं आन् भरला की काढायचा. असं तीन-चार येळा केलं की बघा. पर मधी बटण दाबायचं न्हाय.”

“म्हंजी सारखं ऐकत बसायचं?”

“सेल संपेपर्यंत.”

तानूबाईनं ते पदराआड हसून ऐकलं. सुप्रियानं जोडीला एक नवा सेल दिला आणि दोन्हींवर वेगळ्या रंगाचा दोरा गुंडाळून दिला, म्हणजे कुठला रिकामा, कुठला भरलेला, याचा घोळ व्हायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आबा ऐकायला बसले. आधी घरात ऐकलं. मग दुपारी पारावर जाऊन बसले. सेल संपवायचा म्हणून आवाजाचं चाक पुरं फिरवलेलं. पारावरच्या माणसांना आधी गंमत वाटली. मग त्यांच्या ध्यानात आलं की हा माणूस दिवसभर बसतो, मधे बोलत नाही आणि सगळं ऐकून घेतो. असं माणूस गावात दुसरं नव्हतं. रंगूबाई आपल्या गुडघ्यांबद्दल सांगून गेली. पोस्टमननं सायकल टेकवून आपल्या साडूची सगळी कथा सांगितली. आबांना कळलं की आपल्या बांधाशेजारचा माणूस आपल्यावर रागावलेला नाही, त्याचा आवाजच तसा आहे. कितीतरी वर्षं त्यांनी उगाच त्याच्याशी अंतर ठेवलं होतं.

घरी तानूबाईनं तर संधीचं सोनं केलं. भाजी निवडताना, धुणं वाळत घालताना ती बोलत राहायची आणि आबा मागं मागं हिंडायचे. एकदा न्हाणीपाशी ती म्हणाली, की हा धुण्याचा दगड उताराला आहे, इथं पाय सरकतो, दोनदा पडता पडता वाचले.

“मग सांगायचं व्हतंस की,” आबा म्हणाले.

“तीन वर्सं झाली सांगतीया. तुमी दर येळी व्हय म्हनलाय.”

आबांनी त्याच दुपारी पहार आणली आणि शेजारच्या दोघांना बोलावून दगड सपाट जागेवर घेतला. खाली मुरूमही टाकला. तानूबाई उभी राहून बघत होती. दगड बसल्यावर तिनं त्यावर उभं राहून पाहिलं आणि चहा ठेवायला गेली.

सेल हळूहळू सुधारला. अर्ध्या दिवसाचा दिवस झाला, मग तीन-चार दिवस सहज चालायला लागला. पूर्वीइतका झाला नाही, पण नव्याच्या जोडीनं भागायचं. आबा आता भरलेला सेल हातरुमालात बांधून वरच्या खिशात ठेवायचे. संध्याकाळी मळ्यात जाऊन ते गळा काढून बघायचे. पहिल्यांदा आपलाच आवाज मशीनमधून ऐकून ते दचकले. पत्र्याच्या डब्यात बसून गातोय असं वाटत होतं. पण ओवी कुठं चढते, कुठं उतरते, ते कळत होतं. तेवढं पुरे होतं.

जत्रेच्या दिवशी दुपारी डाळजच्या देवळापुढं माणसं दाटली होती. आबांनी नवं धोतर नेसलं होतं, खांद्यावर घोंगडी होती आणि बंडीतून निघालेली वायर फेट्यात शिरत होती. काही पोरं वायरीकडं बोट दाखवत होती. ढोल लागला तसा मशीनमध्ये नुसता गडगडाट झाला. आबांनी चाक हळूहळू मागं फिरवत आणलं. आवाज निवळला, कैताळाची किणकिण वेगळी झाली. त्यांनी डोळे मिटले आणि सुंबरान मांडलं.

सुरुवातीला आवाज थोडा कापला. मग स्थिरावला. झिलकऱ्यांनी ओळ उचलली, तेव्हा ती आपल्या सुरातच उचललीय हे आबांना ऐकू आलं आणि त्यांनी डोळे उघडले. कथा रंगात आली. देव मेंढरं घेऊन रानात शिरला, तिथवर आली आणि आबांच्या कानातला ढोल बारीक होत होत बंद झाला.

पूर्वीची जत्रा त्यांना आठवली असणार. पण त्यांनी हात वर केला आणि मोठ्यानं सांगितलं, “ढोल चालू ऱ्हाऊ द्या. देवाला जरा सावलीत बसवा. सेल बदलतो.”

माणसं हसली. ढोलवाल्यांनी हात सैल सोडून ठेका धरला. आबांनी रुमाल सोडला, तांबड्या दोऱ्याचा सेल घातला, निळ्या दोऱ्याचा बांधून ठेवला, ढोल पुन्हा नीट ऐकू येतोय याची खात्री केली आणि कथा सोडली होती तिथून उचलली. ऊन उतरेपर्यंत ते गात होते. सावळाराम मधेच उठून प्रत्येकाला, हे आमचे व्याही, असं सांगत फिरत होते. जयवंता बायकांत बसली होती आणि कुणी काही विचारलं की ती नुसती आबांकडं बोट दाखवत होती.

परत येताना जीप भिगवणला थांबली. सगळ्यांनी गरम भजी खाल्ली, चहा घेतला. तानूबाई पुढच्या सीटवर आबांच्या शेजारी बसली. गाणं कसं झालं, असं आबांनी विचारलं. ती म्हणाली, “मधली एक ओळ विसरलात. बाकी ग्वाड झालं.” मग तिनं डाळजच्या पाहुण्यांपैकी कुणाची साडी कशी होती, कुणी जेवायला किती उशीर केला, ते सांगायला सुरुवात केली. जीप कळसच्या रस्त्याला लागली तरी तिचं सांगून झालेलं नव्हतं आणि आबा मधेमधे विचारत होते, की ही कोण, कुणाची सून, आणि मग काय झालं.