पांढऱ्यावर करडी अक्षरं

रामदासपेठेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी खिडकीपाशी बसून नंबर देतो. गाव कोल्हापूरकडचं, शाळा सातवीतच सुटलेली. इथं ओळख ना पाळख, तरी डॉक्टर मॅडमनी खुर्ची दिली, हे मी विसरत नाही. म्हणूनच "आता नंबर वेबसाइटवर मिळतील, आधी तुम्ही वापरून पहा," असं म्हणत त्यांनी मोबाइल हातात दिला तेव्हा नाही म्हणता आलं नाही. नंबर मोबाइलवर मिळाले, तर खिडकीत मी कशाला? आणि तपासायलाही मीच?

"तुम्हाले जमलं म्हणजे सगळ्यांले जमलं," मॅडम हसल्या. कौतुक होतं की निरोप, कळेना.

वेबसाइट बनवणाऱ्या मनीषनगरच्या ताई समोरच बसल्या होत्या. उघडल्याबरोबर एक भला मोठा निळा डोळा माझ्याकडे बघायला लागला.

"हा कोणाचा, ताई?"

"फोटो आहे नं भाऊ. छान दिसते."

"असा डोळा आपल्या दवाखान्यात कधी आला नाही."

तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यातून हेडफोनवाली एक हसरी बाई उगवली. काय मदत करू, म्हणे. अनोळखी माणूस इतकं गोड बोलला की मी आधी खिसा चाचपतो. तिनं मोबाइल नंबर मागितला, मागोमाग ओटीपी. मी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

"काहून गा भाऊ, इतका संशय?"

"ओटीपी मी बायकोलाही सांगत नाही."

पत्ता शोधत बोट झिजवलं. तो अगदी तळाशी होता, पांढऱ्यावर करडा, मुंगीएवढा. तो वाचून दाखवताना ताईंनीच डोळे चोळले. मॅडमनी लगेच त्यांना तपासायला घेतलं आणि बाहुली मोठी करायचे थेंब टाकले.

अर्ध्या तासानं ताई कपाळावर हात धरून बाहेर आल्या. बोलू की नको, असं मला झालं होतं. शेवटी मोबाइल पुढं केला. "ताई, आता पत्ता वाचा."

त्यांनी तो जवळ धरला, लांब धरला. "काहीच दिसून नाही राहिलं!"

"आमचे निम्मे पेशंट असेच घरी जातात."

मॅडम इतक्या मोठ्यानं हसल्या की बाकावरची आजी दचकली. "काय झालं वं बाई?"

मग मी सांगत गेलो आणि मॅडम लिहीत गेल्या. अक्षरं काळी आणि ठळक करा. निळा डोळा काढून आपलं कडुनिंबाखालचं फाटक दाखवा. हेडफोनवाल्या बाईला घरी पाठवा. पत्ता, वेळ, गुरुवारची सुट्टी सगळ्यात वर. ओटीपी कशाला हवा ते आधी एका ओळीत सांगा. आणि फोन नंबर मोठा हवा, जिवंत माणूस उचलेल असा.

"उचलेल कोण?" ताईंनी विचारलं.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी नंबरच्या चिठ्ठ्या नीट लावायला लागलो.

खिडकीपुढची रांग आता आटली आहे. फोन माझ्या टेबलावर आला, खुर्ची राहिली. पण तो शेवटचा सल्ला पेशंटसाठी दिला की खुर्चीसाठी, याची मला अजून खात्री नाही. मॅडमनी मात्र कधी विचारलं नाही.

काल सक्करदऱ्याहून एका आजोबांचा फोन आला.

"मोबाइलमध्ये तुमचं फाटक पाहून राहिलो. दवाखाना खरंच आहे का गा तिथं?"

"आहे, आजोबा. नाव सांगा, नंबर लावतो."

"नाव कायले पाहिजे तुले?"

कितीतरी दिवसांनी कोणीतरी आपलं भेटल्यासारखं वाटलं. नाव कशाला हवं ते मी त्यांना सावकाश, पहिल्यापासून समजावून सांगितलं.