कॅनीच्या लढाईतला हत्ती

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे असतील, तर तालुक्याच्या शाळेत मला इतिहास शिकवणाऱ्या सरांचे. दहावीनंतर वडील मला गॅरेजमध्ये कामाला लावणार होते. सर सलग तीन संध्याकाळी आमच्या घरी येऊन बसले आणि शेवटी कॉलेजचा फॉर्म त्यांनीच भरला. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. आता ऑकलंडमध्ये, माउंट वेलिंग्टनच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरचं काम करतो.

शनिवारी दुपारी माउंट रॉस्किलच्या एका हॉलमध्ये आम्ही मुलांसाठी मराठी वर्ग चालवतो. मुलांना मराठी कळतं, उत्तरं इंग्रजीत येतात. गेल्या हिवाळ्यात मी सरांना विचारलं, व्हिडिओ कॉलवर मुलांना रोमन लढाया सांगाल का? निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या सूनबाई मला म्हणाल्या, "आठवडाभर तयारी चाललीय. जेवायला हाक मारली तरी ऐकू येत नाही."

कॉलच्या दिवशी सरांनी कॅनीची लढाई दाखवायला ताटात चिंचोके मांडले होते. सालीसकट ते रोमन, सोललेले ते त्यांच्या शत्रूचे, आफ्रिकेतल्या कार्थेजचे. कार्थेजची फळी मधून मागे सरकते, जिंकत आलो अशा समजुतीने रोमन आत घुसतात आणि दोन्ही बाजू मिटत जातात. मुलं पडद्याकडे झुकली.

"आता पळायला जागा कुठे?" सरांनी विचारलं.

"नोव्हेअर," अर्धा वर्ग म्हणाला.

मग सरांनी नातवाचा रबरी हत्ती ताटात ठेवला. मी मध्येच बोललो, "सर, कॅनीच्या लढाईत हत्ती नव्हते. कार्थेजने आल्प्स पर्वत ओलांडून आणलेले जवळजवळ सगळे त्याआधीच मेले होते."

"हो का?" सर म्हणाले. "मी तर तीस वर्षं हेच शिकवलं."

"थर्टी इयर्स रॉन्ग?" एक मुलगा म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

सरांनी हत्ती उचलून बाजूला ठेवला. "नेट तुटतंय वाटतं," म्हणाले आणि कॉल बंद केला. नेट तुटत नव्हतं.

पुढच्या शनिवारी फोन सूनबाईंनी घेतला. "वाचनालयातून पुस्तक आणून बघितलं त्यांनी. तुमचंच बरोबर आहे, आता तुम्हीच शिकवा, म्हणाले." त्यानंतर दोनदा केलेला फोनही सरांपर्यंत गेला नाही. मग मी हे पत्र पाठवलं.

आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार.

चूक तुम्हाला नंतर फोनवर सांगता आली असती. पण मागे पालक बसले होते आणि मी किती वाचलंय ते त्यांना दिसावं असं मला वाटलं. मुलं हसली तेव्हा त्यांना गप्प करायचं सोडून मीही हसलो. त्याची लाज वाटते.

पुढचा तास मी घेतला. एका मुलीने विचारलं, लढाईतून जिवंत सुटलेले रोमन सैनिक घरी जाऊन काय म्हणाले? मी सांगितलं, त्यांना घरी येऊच दिलं नाही, हरल्याची शिक्षा म्हणून दूर सिसिली बेटावर ठेवलं. ती "ओके" म्हणाली आणि वही मिटली. तुम्ही तिला विचारलं असतंत, 'तू त्यांची आई असतीस तर?' मला ते घरी पोचल्यावर सुचलं.

सर पुन्हा कधी येणार, असं ती दर शनिवारी विचारते. तिला काय सांगू, ते कळवावं.

तुमचा विद्यार्थी