घरच्यांना बघता येत नाही

धुकं एवढं दाट होतं, की इस्पितळाचं फाटक हाताला लागेपर्यंत दिसलं नाही. शिकाऊ बाईंनी आपली खोली उघडली, खिडकीच्या काचेवरचं पाणी फडक्याने पुसलं आणि दोन खुर्च्या तिरप्या मांडल्या. समोरासमोर मांडल्या की माणूस साक्षीला बोलावल्यासारखा अवघडून बसतो. ‘शिकाऊ’ हे नाव रखवालदाराने ठेवलेलं. गाडीला लावतात तशी पाटी गळ्यात घाला, म्हणायचा. बाई पन्नाशीला टेकल्या, केस पिकले, तरी शिकाऊच.

वाट होतीच तशी लांबची. शाळेची नोकरी सोडून त्या मानसशास्त्राच्या मागे लागल्या. पदवी पदरात पडली, तरी पुढे देखरेखीखाली रुग्णांशी बोलण्याचे तास भरायचे, मग लेखी, मग तोंडी, आणि हे सगळं पार पडलं तर परवाना. लेखीत एकदा आपटल्या. एवढ्या वेळात माझं दुसरं लग्न जमलं असतं, असं नवरा म्हणाला. त्या हसल्या आणि पुन्हा पुस्तकात डोकं खुपसून बसल्या.

त्याच दुसऱ्या खेपेच्या दिवसांत ताई आली होती. आई गेल्यावर या धाकटीला तिनेच वाढवलं, वेण्या घातल्या, वेळेला पाठीत धपाटेही. ताईच्या लेकीने घराशी बोलणंच टाकलं होतं. ताईची झोप उडाली होती, अन्न गिळवत नव्हतं. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ती म्हणाली, “माझं काय चुकलं, तेच कळत नाही गं.”

बाईंच्या डोक्यात तेव्हा नियमांचं प्रकरण घोळत होतं. घरच्या माणसाला रुग्ण म्हणून घ्यायचं नाही. घेतलं आणि बोभाटा झाला, तर परवान्यावर पाणी. इस्पितळातल्या खोलीत रुग्णासमोर बसावं तशा त्या ताठ झाल्या. ताईला थांबवून म्हणाल्या, “ताई, मला घरच्यांना बघता येत नाही. तुला एक चांगल्या बाई सुचवते.” पत्ताही लगोलग लिहून दिला. ताईने तो घडी घालून पिशवीत ठेवला, चहा नको म्हणाली आणि निघाली. बाईंना वाटलं, चला, काम चोख झालं.

महिन्याभराने त्यांनी ते मोठ्या कौतुकाने मोठ्या बाईंना सांगितलं. मोठ्या बाई म्हणजे त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, “रुग्ण करून घेऊ नका, एवढंच नियम सांगतो. बहिणीचं ऐकू नका, असं कुठे लिहिलंय?”

त्यानंतर बाई कितीदा तरी ताईकडे गेल्या. ताई हवापाण्याचं बोलायची, गुडघ्याचं बोलायची. लेकीचा विषय निघाला, की गॅस बंद केला का बघून येते म्हणत उठायची.

आज धुक्यातून मोठ्या बाई खोलीच्या दारात आल्या आणि परवाना निघाल्याचं सांगून गेल्या. शेजारच्या खोलीतल्यांनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्याआधी बाईंनी फोन लावला तो ताईला.

ताई मनापासून सुखावली. चिकाटीची खरी तू, म्हणाली. मग आपणहूनच बोलली, की तू सुचवलेल्या बाई फार चांगल्या निघाल्या, आता झोप लागते, लेकीचाही मधूनमधून फोन येतो. तू तेव्हा म्हणालीस ते बरोबरच होतं.

बाई खुर्चीतून उठल्या. खिडकीकडे तोंड करून त्या म्हणाल्या, “ताई, काय झालं होतं ते मला सांगशील? नुसतं बहीण म्हणून. आज संध्याकाळी येते.”

ताईच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच बाईंना सोसवेना.

“आता सांगून झालं गं सगळं त्यांना. परत कशाला उकरायचं? तू ये, जेवायलाच ये.”

येते, म्हणाल्या बाई. फोन ठेवला. ताईची चूक काढावी, तर तिथेही जागा नव्हती. तिने बाईंचंच ऐकलं होतं.

बाहेर बाकावर पहिला माणूस येऊन बसला होता, मफलर तोंडाला गुंडाळून. टेबलावरचा पाण्याचा जग रिकामा होता. बाईंनी तो उचलला, नळाखाली विसळला आणि भरायला लावला.