साहेबांचा मीटर, रशीदभाईंचा बल्ब

जुनी मोटरसायकल बाळगणाऱ्याकडे दोन गोष्टी आपोआप साठतात: खिशात फ्यूज आणि डोक्यात किस्से. माझी गाडी तीस वर्षांची, त्यामुळे निम्मे रविवार सोमाटण्याला रशीदभाईंच्या गॅरेजातल्या बाकड्यावर जातात. गाडीचं चार्जिंग तपासायला रशीदभाईंकडे एकच हत्यार: दोन वायरी जोडलेला बारा व्होल्टचा बल्ब. तिथेच येतात पाटणकर साहेब, तळेगावचे रिटायर्ड इंजिनिअर. त्यांच्या कमरेला चामड्याच्या पाकिटात पिवळा डिजिटल मीटर. मोठ्या ऑपरेशनला निघाल्याच्या थाटात येतात!

*

एकदा साहेबांनी माझ्या गाडीची, बॅटरीला करंट पुरवणारी चार्जिंग कॉइल मोजली. मीटरवर आलं '1'.

"एक ओहम! कॉइल ठणठणीत!"

मी खुशीत निघालो. खंडाळ्याच्या घाटात, ऐन धुक्यात आधी हेडलाइट गेला, मग हॉर्न, मग इंजिन. लोणावळ्यापर्यंत ढकलत आणली.

रशीदभाईंनी पाहिलं, तर कॉइल आतून तुटलेली.

"पण मीटर एक दाखवत होता!" साहेब हटेनात.

"कॉइल तुटलेली असली की तो एकच दाखवतो, साहेब. मोजता येईना म्हणून करंगळी वर करत होता बिचारा!"

*

खंडाळ्याच्या बंगल्यातला एक हौशी गडी. जुन्या गाडीला चार फॉगलाइट, निळी पट्टी, स्पीकर, मोबाइलचा चार्जर. तक्रार काय, तर बॅटरी दोन दिवसांत बसते. रशीदभाईंनी कॉइलला बल्ब लावला. लख्ख पेटला.

"गाडीला चार्जिंग भरपूर आहे, भाऊ. मांडवाला पुरत नाही!"

*

माझीही फजिती सांगतो, नाहीतर म्हणाल मास्तर दुसऱ्यांनाच हसतो. मी शाळेत मराठी शिकवतो. दिवाळीच्या सुट्टीत मी चार्जिंगचा रेग्युलेटर खोलून त्याला चकाचक काळा रंग दिला, बोल्टखालीसुद्धा! चार्जिंग बंद. रशीदभाईंनी वाकून पाहिलं.

"सर, अर्थ लागत नाही."

"कुठल्या ओळीचा?" मी उत्साहाने विचारलं.

त्यांनी पॉलिश पेपर घेऊन माझा रंग खरवडला. धातूला धातू भिडला, अर्थिंग मिळालं आणि अर्थ लागला. जन्मभर मी मुलांना दुसरं काय शिकवलं!

*

वडिवळ्याचे धोंडूआबा जुन्या मोटरसायकलवरून रोज कामशेतला दूध घालतात. बॅटरी सारखी उतरायची. गाडी बंद पडून दोनदा वाटेत दूध नासलं, तेव्हा डेअरीवाल्याने सुनावलं, "उद्या उशीर झाला तर येऊच नका."

आबा आले तेव्हा रशीदभाई चहाला गेलेले. साहेबांनी मीटर काढला. गाडी चालू, कॉइलच्या वायरींना मीटर, आकडा शून्य!

"आबा, कॉइल मेली. पार्ट मिळत नाही हिचा. मला देऊन टाका, अंगणात शोभेला ठेवीन. भंगाराच्या भावावर पाचशे जास्त!"

"मंग दूध कशावर न्हिऊ?" आबांनी विचारलं. ते किल्ल्यांच्या कडीतून गाडीची चावी सोडवू लागले. मला साहेबांचा संताप आला, पण मीटरपुढे बोलणार काय?

तेवढ्यात रशीदभाई आले. कॉइलमधून निघतो एसी करंट, आणि साहेबांच्या मीटरचा खटका डीसीवर, म्हणून शून्य! त्यांनी त्याच वायरींना बल्ब लावला. लख्ख! मग रेग्युलेटरच्या वायरी जोडणारा जळलेला कप्लर बदलला आणि बॅटरी चार्ज होऊ लागली.

साहेब घाम पुसत होते. आबांनी चावी परत कडीत अडकवली, मीटर हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला.

"सायब, ह्यो इकता का? भंगाराच्या भावावर पन्नास ज्यास्त देतो!"