बसून जेवायची जागा

काजळ्याला शहरातली सव्वाशे हॉटेलं माहीत होती आणि त्यातल्या एकाचंही पुढचं दार माहीत नव्हतं. हॉटेलच्या स्वयंपाकघरातला धूर वर ओढून नेणारे पत्र्याचे बोगदे असतात, डक्ट म्हणतात त्यांना. त्यात कोपरांवर सरपटत शिरायचं आणि आत साचलेला तेलकट थर पट्टीने खरवडून काढायचा, हा त्याचा धंदा. बावीस वर्षं. पहाटे मागच्या गल्लीतून आत, शेगड्या पेटायच्या आत बाहेर. त्याचं खरं नाव आता फक्त मतदारयादीला ठाऊक होतं.

त्यामुळे ताईला दुपारच्या जेवणाला कुठे न्यायचं हा प्रश्न त्याने कुणाला विचारायचं कारणच नव्हतं. तरी आठवडाभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हा सात वर्षांचा, नाक पुसायची अक्कल नाही, हिनेच वाढवला. पुढे एका कापडदुकानात लागली आणि एकोणतीस वर्षं एकाच काउंटरमागे उभी राहिली. उभी म्हणजे उभी. गिऱ्हाईक असो नसो, बसायचं नाही. बसलेली बाई दिसली की दुकान आळशी वाटतं, हे मालकाचं शास्त्र. स्वतः मालक दिवसभर गल्ल्यावर गादी टाकून बसायचा, तेव्हा दुकान आळशी वाटायचं नाही. डबा खायचा तोही गोदामात, गठ्ठ्यांना पाठ लावून, पंधरा मिनिटांत. एकीने एकदा स्टूल मागितलं होतं. तिला दुसऱ्या दिवसापासून घरी बसायला सांगितलं. मग पुन्हा कुणी मागितलं नाही, आणि ताईच्या पोटऱ्यांवरच्या शिरा दोरखंडासारख्या फुगत गेल्या.

शनिवारी तिची नोकरी संपायची होती. काजळ्याने आधीच विचारून ठेवलं होतं, "काय पाहिजे तुला? लाजू नको."

"काही नको रे. एकदा बसून जेवायचंय. दुसऱ्याने वाढलेलं. घाई नको कुणाची."

काजळ्या म्हणाला, "झालं समज," आणि डोक्यात लगेच डक्ट मोजायला लागला.

झुंबरवालं बड्या लोकांचं हॉटेल पहिल्याच फटक्यात बाद. तिथल्या डक्टमध्ये तीन बोटं जाड थर निघाला होता. चौदाव्या मजल्यावरचं, जिथून म्हणे अख्खं शहर दिसतं, तिथल्या जाळीत झुरळांच्या तीन पिढ्या सुखाने नांदत होत्या. सिनेमागृहाशेजारचं बरं होतं, पण तिथला आचारी हात न धुता कणीक मळायचा. काजळ्या खोलीत येरझाऱ्या घालत राहिला. एक हॉटेल पसंत करायचा, चार पावलं चालायचा आणि नापसंत करायचा.

बायको म्हणाली, "अहो, एवढ्या खोडी तर तुम्ही मला बघायला आलात तेव्हाही काढल्या नव्हत्या."

"तेव्हा मला धंद्याचा अनुभव नव्हता," काजळ्या म्हणाला.

शेवटी पोस्टाच्या कोपऱ्यावरचं नक्की झालं. तिथे काम संपवून त्याने एकदा पत्र्यावरून पांढरं फडकं फिरवलं होतं आणि फडकं पांढरंच राहिलं होतं. असं बावीस वर्षांत एकदाच घडलं. तिथला आचारी रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने जाळ्या धुवायचा. हीच जागा. त्या रात्री तो झोपला.

सोमवारी ताई नव्या चपला घालून आली. दुकान उघडून तास झाला आणि आपण तिथे नाही, हे तिला अजून पचत नव्हतं. सारखी घड्याळ बघत होती. दोघं पोस्टाच्या कोपऱ्यावर आले. काजळ्याने जन्मात पहिल्यांदा तिथलं काचेचं दार ढकललं.

आत छातीएवढी उंच टेबलं होती. ऑफिसातली माणसं उभ्या उभ्या घास कोंबत होती. खुर्ची एकही नव्हती.

"खुर्च्या कुठेयत?" त्याने काउंटरवरच्याला विचारलं.

"नसतात आपल्याकडे. लोकांना लवकर जायचं असतं, साहेब."

काजळ्याने वळून पाहिलं. ताई एका टेबलापाशी जाऊन उभी राहिली होती. पाठ ताठ, दोन्ही हात टेबलाच्या कडेवर, चेहऱ्यावर 'काय दाखवू' असं हसू. काउंटरमागे उभी राहायची तश्शी. बावीस वर्षं या हॉटेलच्या पोटात शिरून त्याने आतडी घासली आणि पुढे बसायला जागा आहे का, एवढं बघायचं त्याला सुचलं नव्हतं.

संताप आला तो काउंटरवरच्यावर निघाला. "माणसं जेवतात इथे का घोडी?"

"चल," ताई त्याच्या दंडाला धरून म्हणाली. रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "एकोणतीस वर्षं उभी राहिले ते कमी पडलं का रे? सत्कारही उभ्यानेच?"

ती हसत होती. त्याला हसता येईना.

मग सुरू झाली वरात. काजळ्या पुढे, ताई मागे. एका हॉटेलच्या दारात थांबला, आठवलं, निघाला. दुसऱ्याच्या दारात हात मुठीवर ठेवला, आठवलं, निघाला. तिसऱ्यात तर दरवान दार उघडून उभा होता, त्याला "नको, राहू द्या" म्हणून पुढे. दोन वाजले. अडीच वाजत आले. भूक दोघांची मेली होती. ताईचा डावा पाय आता ओढत येत होता आणि नवी चप्पल टाचेला चावत होती.

"इथे," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे न बघता एका दारातून आत गेली.

काजळ्याने दारावरची पाटी वाचली. सव्वाशेतलं हे सगळ्यात वाईट. गेल्याच महिन्यात इथल्या मॅनेजरने खालून दिसतो तेवढाच भाग खरवडून घेतला आणि सगळं डक्ट साफ झाल्याच्या कागदावर सही मागितली. काजळ्याने कागद फाडून त्याच्या टेबलावर ठेवला आणि पुन्हा पाऊल टाकणार नाही म्हणून सांगून आला होता.

"ताई, इथे नको."

पण ती बसली होती. खुर्चीला हात होते, गादी होती. तिने पर्स मांडीवर घेतली, मग उचलून शेजारच्या खुर्चीवर ठेवली, टेबलाखाली पाय लांब सोडले आणि डोळे मिटले.

काजळ्या बसला. स्वयंपाकघराचं दार दिसेल अशा खुर्चीवर. तेलाने भरलेल्या डक्टला एक ठिणगी पुरते, म्हणून आग लागलीच तर हिला कुठून काढायचं हेही त्याने बघून घेतलं. एक दार पुढे, एक खिडकी डावीकडे.

तेवढ्यात कुणी गिऱ्हाईक आत आलं. ताई खुर्चीतून अर्धी उठली.

"बस ना," तो म्हणाला.

"सवय रे मेली." ती बसली. पुन्हा दार वाजलं, पुन्हा तिचे गुडघे हलले. भात आला, वाफाळता मासा आला, तरी दार वाजलं की तिचा घास हातात थांबायचा. काजळ्याचा पाय टेबलाखाली शिवणयंत्रासारखा चालला होता.

आणि मॅनेजर आला. त्याने काजळ्याला ओळखलं, हसला. "वा. फिरून आमच्याकडेच? काम मागायला पुढच्या दाराने येत नसतात."

काजळ्याच्या तोंडात उत्तर तयार होतं. सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं, वरच्या पत्र्यातल्या थराची जाडी सांगणारं. एरवी त्याने ते फेकलं असतं आणि खुर्ची लाथाडून निघाला असता. पण तो निघाला असता तर ताईलाही उठावं लागलं असतं.

"जेवतोय," तो म्हणाला. "पाणी पाठवा."

मॅनेजर वाट बघत उभा राहिला. पुढे काही येईना, तेव्हा गेला आणि पाणी आलं.

पुन्हा दार वाजलं. ताई माशाचे काटे काढत होती. तिने मान वर केली नाही.

साडेतीनला ताटं रिकामी झाली. हॉटेलही रिकामं झालं होतं. ताईने बोटं पुसली.

"घाण आहे ना इथलं वरचं?"

"आहे."

"किती?"

"सगळ्यात."

"मग जेवलास कसा तू? तू तर लग्नाच्या पंगतीतही आचारी बघून यायचास."

काजळ्याने ग्लास फिरवला. "तू बसली होतीस."

टेबलाखाली त्याचा पाय अजून हलत होता. ताईने चपलेतून पाऊल काढलं आणि त्याच्या पावलावर दाबून ठेवलं, लहानपणी अभ्यासाला बसवून ठेवायची तसं. मग हात वर करून वाढप्याला हाक मारली.

"दोन चहा आणा हो. सावकाश आणा."

"आता सावकाश कशाला? तुला सांगितलं ना, वर..."

"वरचं उद्या बघ. कुणाला सांगायचं ते सांग, मी येते साक्षीला," ताई म्हणाली. "आत्ता गप बस."