टिलीच्या केसांतली बारावी तार

एथेल ब्रॅमलीने टिली अॅकरॉइडला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला वाटलं, एखादं वादळच अंगाला पिवळा रंग फासून कारखान्याच्या फाटकातून आत घुसतंय. तोफगोळे भरण्याच्या त्या कारखान्यात झडती घेणारी म्हणून एथेलचा तो पहिलाच दिवस. आत धातूचा कणही जायचा नाही, असा नियम. आणि टिलीच्या अंगावर तर लोखंडी सामानाचं अख्खं दुकान निघालं. केसांचे सोळा आकडे, दोन बकलं, एक अंगुस्तान आणि मोज्यात चमचा.

"चमचा कशाला गं?"

"मुरंब्याला. डब्यात ठेवला की चोरतात मेल्या!"

बोलतानाही ती या पायावरून त्या पायावर नाचत होती. टिलीला स्वस्थ उभं राहिलेलं ब्रॅकनशॉ गावात कोणी पाहिलं नव्हतं. तिच्या लग्नाच्या फोटोत नवरा वॉल्टर स्पष्ट आला आहे आणि त्याच्या शेजारी एक पांढरा धुरकट डाग आहे. महिन्याभराने एथेल तिच्याच घरी राहायला गेली आणि रोज तो डाग भिंतीवर बघत चहा पिऊ लागली.

गोळ्यांत भरायच्या दारूने टिलीचे हात, मान, कपाळ हळद लावल्यासारखं पिवळं झालं होतं आणि पुढचे केस गाजरासारखे. ट्राममध्ये लोक सरकून बसत. "ऐसपैस जागा मिळते," म्हणून ती खूश असे. पण एकोणीसशे सतराच्या वसंतात, महायुद्ध ऐन भरात असताना, वॉल्टरचं पत्र आलं. दीड वर्षाने आघाडीवरून रजा मिळाली होती. मंगळवारी संध्याकाळी येणार, सोमवारी सकाळी परत. आणि टिलीने त्याला कळवलं होतं की ती बिस्किटांच्या कारखान्यात आहे.

"बिस्किटं करून माणूस असा होतो का गं?" तिने आरशासमोर विचारलं.

"आल्याची असली तर होईल," एथेल म्हणाली.

लिंबू झालं, ताक झालं, चुलीतली राखसुद्धा झाली. रंग हलेना. शेवटी टिलीने केसांवर मोर्चा वळवला. शेजारणीकडून केस कुरळे करायच्या तारांचा डझनाचा पुठ्ठा आणला आणि सोमवारी रात्री डोकं साळिंदरासारखं करून झोपली.

मंगळवारी सकाळी फाटकावर तिने टोपी काढली. नियमाप्रमाणे एथेलने प्रत्येकीच्या केसांत दहाही बोटं फिरवायची.

"हात लावलास तर बघ! रात्रभर मान टेकवता आली नाही मला."

"नियम आहे, टिली."

"नियमाचा नवरा येतोय का आज? माझा येतोय!"

रांग हसली. एथेलने नुसतं वरवर पाहिलं आणि तिला सोडलं.

पुढच्या बाईच्या केसांत बोटं घालताच तिला सकाळचं हात धुवायचं टेबल आठवलं. तिथे पुठ्ठा पडला होता. त्यात डोक्यातून काढलेल्या तारा परत खोचलेल्या होत्या, आणि एक जागा रिकामी होती. पलंगाखाली पडली असेल, तिने स्वतःला सांगितलं. आणखी चार बायका झाल्या.

"एथेलबाई, झडती घेताय की वेणी घालताय?" पाचवी म्हणाली.

एथेल धावत सुटली.

भरण्याच्या शेडच्या दारात जमिनीवर आडवी लाल फळी होती. अलीकडे बाहेरचे बूट, पलीकडे बिनखिळ्यांचे. ती फळी बाहेरच्या बुटाने ओलांडली तर आपणच ठिणगी नेऊ. एथेल खाली बसली. नाडीची गाठ सुटेना. पलीकडे टिली लाकडी हातोड्याने गोळ्यात दारू ठासत होती, ठोक ठोक, आणि प्रत्येक ठोक्याला तिचे गाजरी कुरळे केस टोपीखाली उडत होते. हाक मारावी तर तिचा हात दचकेल. न मारावी तर...

"काय चाललंय?" देखरेखीच्या पिकर्सगिलबाई समोर उभ्या राहिल्या.

काहीतरी थाप मारता आली असती. एथेलने एकदा टिलीकडे पाहिलं, मग तिच्याभोवतीच्या चाळीस जणींकडे.

"टिलीच्या केसांत तार असेल, बाई."

होती. मानेपाशी, टोपीच्या काठात अडकलेली. ती काढली गेली तेव्हा टिली जागच्या जागी उभी होती, पाय न हलवता.

"सांगायचंच होतं तर फाटकावर सांगायचंस गं," ती म्हणाली. "तिथे नुसती काढून घेतली असती."

फळीच्या आत सापडलं की मात्र कोर्ट. दुपारी न्यायाधीशांनी सात दिवसांची कैद दिली. झडतीत हयगय केली म्हणून एथेलला कडक ताकीद मिळाली.

संध्याकाळी दार एथेलनेच उघडलं. वॉल्टर खांद्यावरचं ओझं न उतरवता सगळं ऐकत राहिला.

"तिला वाटत होतं, पिवळी बायको पाहून तुम्ही घाबराल," एथेल म्हणाली. "आणि बिस्किटांचं ते..."

"बिस्किटं!" त्याने खिशातून पत्रांचा गठ्ठा काढला. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यावर पिवळ्या बोटांचे ठसे होते. "आमच्या अख्ख्या तुकडीला ठाऊक आहे."

तुरुंगात त्याला भेट मिळाली नाही. त्याने कुंपणाचं दार दुरुस्त केलं, दोनदा धुराडं साफ केलं, आणि एथेलशी एकदाही भांडला नाही, त्यामुळे तिला जेवण जाईना.

टिली पुढच्या मंगळवारी सुटली. हात थोडे उजळले होते. वॉल्टरची गाडी आदल्याच दिवशी, सोमवारी सकाळी गेली होती.